ओट्याची उंची

प्रिय मुली,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून दिलंस, तरी वाईट वाटून घ्यायचा मला हक्क नाही. पण फोडलंसच तर शेवटपर्यंत वाच. मी पाल्हाळ लावते हे तुला ठाऊकच आहे.

नव्या घरात मी आता एकटीच असते. तू अंगठी परत पाठवलीस त्याच आठवड्यात माझ्या लेकाने, आमच्या घुम्याने, कामाजवळ खोली घेतली. रविवारी येतो, भाजीची पिशवी ठेवतो, बूट न काढता खुर्चीच्या कडेला टेकतो आणि वीस मिनिटांत निघतो. कडाकडा भांडला असता तर बरं झालं असतं. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की माझे कान टवकारतात, आणि मग समोरच्यांचं कुलूप उघडल्याचा आवाज येतो. दोन्ही वेळचं मी सकाळीच करून ठेवते. एकटीसाठी दोनदा गॅस कोण पेटवणार? फार एकटं वाटतं गं, आणि ते सांगायला तुझ्याशिवाय कुणी सुचलं नाही.

घराच्या कागदांवर नावं कुणाची, यावरून लग्न मोडलं असं सगळे धरून चाललेत. त्या घरात तुझी सहा वर्षांची बचत होती, रक्त तपासायच्या त्या थंडगार खोलीत सुट्ट्या न घेता साठवलेली. माझाही गणवेशाच्या कारखान्यातला सगळा फंड होता. तरी मी हटून बसले, नावं दोनच, माझं आणि मुलाचं. तुझ्या वडिलांनी सरळपणे कारण विचारलं, तर मी फाडकन म्हणाले की लग्नाआधीच वाटणी मागणारी सून मला नको. तू आतल्या खोलीत आहेस हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच आवाज चढवला. याची मला लाज वाटते. घुम्या तेव्हाही कपाचा कान चोळत बसला होता.

तरीही तू घर बघायला आलीस. खिडक्या उघडून पाहिल्यास, हसलीससुद्धा, आणि मग ओट्यापाशी गेलीस. तू ही अशी ताडमाड उंच. ओट्यावर हात टेकायला तुला वाकावं लागलं. तू तिथलं एक भांडं उचललंस, ठेवलंस, पुन्हा वाकलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. गवंड्याने माप कुणाचं घेतलं होतं ते तुला कळलं. तशीच जिना उतरून गेलीस, लिफ्टसुद्धा बोलावली नाहीस. तिसऱ्या दिवशी तुझा भाऊ अंगठी घेऊन दारात उभा. नावांचं भांडण चारचौघांत झालं, ओट्याचं फक्त तुला आणि मला माहीत आहे.

आता त्या मापाचं ऐक. नवरा गेला तेव्हा घुम्या तीन वर्षांचा होता. त्याला कडेवर घेऊन मी दिराच्या घरी गेले ती एकोणतीस वर्षं राहिले. जाऊ वाईट नव्हती, खोटं का बोलू? पण ती उंच आणि मी ही एवढीशी. तिच्या घरातला ओटा माझ्या छातीला लागायचा. पाटावर उभी राहून स्वयंपाक केला. कुणी अडखळू नये म्हणून काम झालं की पाट लगेच पायाने आत सरकवायचा. अजूनही माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर आहे, माझ्या ब्लाउजला मी दोन बाजूंना दोन मापं लावते. तर नव्या घरात गवंड्याने सहज विचारलं, मावशी, ओटा किती उंच ठेवू? असं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. मी ताठ उभी राहिले आणि कोपर दाखवलं. तू मनात आलीच नाहीस. कागदावर नाव हवं होतं तेही त्याच भुकेपोटी. मला कुणी त्या पाटासारखं आत सरकवू नये, एवढंच. आणि तुला मात्र मी दारातूनच बाजूला सरकवलं.

वकिलाकडे जाऊन आले. कागदांवर तुझं नाव घालायला सांगितलंय, लग्न होवो न होवो. पैसे तुझे आहेत. माझं नाव काढलेलं नाही, तेवढा धीर झाला नाही. तीन नावं राहतील. घुम्याला यातलं काही ठाऊक नाही. त्याच्याशी काय बोलायचं ते तुझं तू बघ.

पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणासाठी. काल गवंड्याला बोलावलं होतं. शेगडीकडचा अर्धा ओटा फोडून उंच करायचा, उरलेला माझ्यापुरता ठेवायचा. तो आधी हसला, मग म्हणाला, होईल, पण सूनबाईंचं माप द्या. तीस वर्षं गणवेश शिवले, अख्ख्या गावाची मापं घेतली, आणि तुझं मला अंदाजानेही सांगता आलं नाही. तुझ्या शेजारी मी कधी उभीच राहिले नव्हते. पाकिटात माझी टेप घातली आहे. चपला काढून ताठ उभी राहा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोज आणि आकडा कळव. एकटीला नीट मोजता येत नाही, खाली टेप धरायला कुणीतरी लागतं. म्हणशील तर मी येते.

तुझीच,
काकू
(पहिल्या दिवशी तू आई म्हणालीस, तेव्हा लग्न होईपर्यंत काकूच म्हण असं मीच सांगितलं होतं. ते विसर.)