झोपाळ्यावर चालणारा रेडिओ

प्रिय अण्णा,

आज संध्याकाळी आई झोपाळ्यावर बसली! ही बातमी तुम्हाला कळवल्याशिवाय मला राहवेना.

तुम्ही गेल्यापासून आपल्या दहिवलीच्या पडवीतला झोपाळा नुसता टांगलेला होता. आई रोज फळी पुसायची, पण बसायची मात्र उंबऱ्यावर. तुमचा रेडिओही मुका. पुण्याला परत निघताना मला तिचीच काळजी लागायची.

तुमची आठवण आली की मला मात्र हसूच येतं हो! भिवपुरीच्या पॉवर हाऊसमध्ये जन्मभर वीज तयार केलीत आणि घरी आमच्यामागे बटणं बंद करत फिरलात. "पाणी डोंगर उतरून येतं, तेवा तुजा बल्ब पेटतो, कळलं?" फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा विझतो, यावर तर तुमचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. झोपाळ्यावरही दोन्ही पाय वर घेऊन बसायचात, झोके द्यायची ती आईच! स्वतःच्या पायांची वीजसुद्धा वाचवत होतात का?

मी तरी वेगळं काय करते? कमीत कमी विजेवर चालणारी यंत्रं बनवते. या सुट्टीत तुमचा रेडिओ उघडला आणि त्याची भूक पार कमी करून टाकली. झोपाळ्याच्या कडीला छोटासा डायनामो जोडला. झोके घ्या, रेडिओ वाजेल. थांबलात की थोड्या वेळाने गप्प. आईला म्हटलं, बसून तर बघ. ती ढिम्म. मग दाखवायला म्हणून मी रिकामाच झोपाळा ढकलला.

"अगं ए! रिकामा झोपाळा हलवू नये, येवडंबी कळत नाय गं तुला?"

लसूण सोलायचा टाकून ती धावत आली आणि झोपाळा थांबवायला धपकन बसली. तेवढ्यात गाणं लागलं! तुमची जागा मोकळी सोडून, आपल्या कडेला बसून ती एका पायाने हळूहळू झोके देत राहिली.

ऐन कडव्यात तिचा पाय थकला आणि गाणं बंद पडलं. शेजारच्या मोकळ्या फळीकडे बघून ती फणकारली, "अवो, आता तरी जरा पाय लावा की!"

मग आम्ही दोघी हसलो, आणि रडलोही.

अण्णा, तुम्ही काही पाय लावणार नाही, मला ठाऊक आहे. म्हणून सांगते, घरी येईन तेव्हा तुमच्या वाटचे झोके मी देईन. तिचं गाणं अर्धवट राहू देणार नाही.

आणि हो, पडवीतला दिवा बंद केलाय.

तुमची,
शैला