अक्काची विहीर

करमाड, १९७२

अक्का,

भामाचा नमस्कार. तू जित्ती हायस का, ते आधी सांग. बाकीचं मागून.

रझाकारीत बंदूकवाले गावात शिरले, तवा तू अब्रूपायी विहिरीत उडी घेतली नि गाळात रुतली, असं बानं सांगितलं. मी लहान होते, खरं मानलं. तवापासून दरसाली आम्ही त्या विहिरीला हिरवं लुगडं वाहतो. बाया पाया पडतात. तिचं पाणी कुणी पीत नाय.

औंदाच्या दुष्काळात ती आटली. गाळ काढायला मीच उतरले. म्हटलं, तुझी हाडकं तरी हाती लागतील. फुटकी घागर निघाली, कुजलेला कासरा निघाला. तुझ्या पायातला एक तोडाबी नाय.

वर येऊन मायला धरलं. "खरं बोल, अक्का कुठंय?"

"वरडू नको, सून ऐकंल."

"ऐकू दे!"

मग रडत म्हणाली, "त्यांनी उचलून नेली व्हती. पळून परत आली. तुझ्या बानं दार उघडू दिलं नाय. औरंगाबादेला जाते म्हणाली नि गेली."

बा मेला, नायतर सोडला नसता.

औरंगाबादेला जाऊन आले. शहर लई पसरलंय. नव्या कारखान्यांच्या दारात उभी राहून तुझ्या वयाच्या बायांची तोंडं बघितली. पत्र टाकू कुठं?

औंदा लुगडं विहिरीला वाहिलं नाय. बाया बोंबलतात, बोंबलू दे. घडी करून ठेवलंय, येऊन नेस. दाराचं भ्या धरू नको. त्याची कडी मी उपटून टाकलीय.

तुझी भामा