दोनदा वाजवलेली बेल

१२ ऑक्टोबर, शनिवार, दुपार

प्रिय ठकूस,

मामाचे आशीर्वाद. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. आमच्याकडे सगळं ठीक. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो. विजेच्या सामानाचं दुकान विकल्यापासून मला दुपारी झोप लागायला लागलीय, त्यावरून मामी टोमणे मारते. तुझं पाकीट बघून ती म्हणाली, "अक्षर अगदी आईचं."

एकोणीस वर्षांनी भाचीचं पत्र यावं आणि त्यात 'भाड्याने द्यायला घर घ्यावं का' एवढंच विचारलेलं असावं, हे मला आवडलं. रडारड नाही, उगाच पाल्हाळ नाही. तू लिहिलंयस की आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घरांचं तुझ्या मामालाच विचार." कुठल्या सुरात म्हणाली ते लिहिलं नाहीस. असो. कामाचं बोलू.

पहिलं म्हणजे, आवडलं म्हणून घर घेऊ नकोस. तिथे तू राहणार नाहीयेस. गॅलरीतून झाडं दिसतात यावर तू दोन ओळी खर्च केल्यास आणि नळाला पाणी किती वाजता येतं यावर एक शब्द नाही! सकाळी सातला एकदा जा, भर दुपारी एकदा जा. जिन्यात पाच मिनिटं नुसती उभी राहा. खालच्या मजल्यावरच्यांना विनंती करून त्यांचं छत बघ. आपल्या न्हाणीघराची खरी हकीकत त्यांच्या छतावर लिहिलेली असते. विकणाऱ्याने भिंतीला नवा रंग दिला असेल तर आधी कोपरे बघ. आणि शेजारच्या बाईंशी बोल. विकणारा जे झाकतो ते शेजारीण न विचारता सांगते.

वर्षाचं भाडं धरताना बारा महिने धरू नकोस, दहा धर. एक महिना घर रिकामं पडतं, एक महिना दुरुस्ती खाते. दहा महिन्यांत कर्जाचा हप्ता बसत नसेल तर सरळ उठून ये, भीड धरू नकोस.

करार लेखी कर, माणूस कितीही गोड बोलला तरी. किल्ली देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून प्रत्येक खोली बघायची, फोटो काढायचे, म्हणजे पुढे तू-तू मैं-मैं नको. गळका नळ, सैल कडी, बेल ही कामं भाडेकरू यायच्या आधी उरकायची. बेल आठवणीने.

नातेवाइकांना घर देऊ नये. यावर जास्त लिहीत नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न, जो तू शेवटी घाईघाईत लिहिलायस. त्या घरात नऊ वर्षं एक घड्याळ दुरुस्त करणारे आजोबा राहतात. त्यांना ऐकू कमी येतं, दार लवकर उघडत नाहीत, म्हणून विकणारा म्हणतो, "माझ्याकडे किल्ली आहे, बुधवारी आत नेऊन दाखवतो." जाऊ का, असं तू विचारतेस.

जाऊ नकोस.

कारण लिहिणार होतो, पण मामी चहाला हाक मारतेय. बाकीचं उद्या.

रविवार, सकाळ

चहा काल पाच मिनिटांत संपला होता. मी टाळत होतो. मामीलाही कळलं ते, तिने पेन परत माझ्यापुढे आणून ठेवलं.

तू सात वर्षांची होतीस. माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तुम्ही तिघं राहत होता. मी तुझ्या आईचा थोरला भाऊ आणि तिचा घरमालक, दोन्ही. तुझे बाबा कामावर शिडीवरून पडले आणि पाठीने अंथरुणाला खिळले. जिना चढवणं-उतरवणं अशक्य झालं, म्हणून आईने तळमजल्यावरचं घर बघितलं होतं आणि दोन महिन्यांनी आम्ही जातो असं मला सांगितलं होतं. मी नवा भाडेकरू शोधायला लागलो. त्यात काही गैर नव्हतं, असं मला अजूनही वाटतं.

एका दुपारी एक नवरा-बायको घर बघायला आले. आई कामावर, तू शाळेत. मी बेल वाजवली. दोनदा. कोणी उघडलं नाही म्हणून माझ्याकडची किल्ली लावली. हे मी आजवर सगळ्यांना असंच सांगत आलोय. दोनदा वाजवली म्हटल्यावर घरमालकाने आणखी काय करायचं?

बाबा पलंगावर पालथे होते. पाठीला मलम लावलेलं, अंगावर कपडा नव्हता. उठता येत नव्हतं. तो नवरा टेप घेऊन भिंती मोजायला लागला. म्हणाला, "हा पलंग जरा सरकवता येईल का?" बाबा उशीत तोंड घालून म्हणाले, "दादा, चादर द्या हो अंगावर." मी स्वयंपाकघरातली कपाटं उघडून त्या बाईला दाखवत होतो. मला ऐकू गेलं होतं ग. आधी कपाटं संपवू, असं मनात आलं. चादर शेवटी त्या परक्या बाईने टाकली. तिची मान खाली गेली होती.

तेवढ्यात तुझी आई आली, हातात सामानाची पिशवी. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पलंगाकडे बघितलं, टेपकडे बघितलं आणि मला विचारलं, "दादा, बेल वाजवलीस का?"

मी म्हणालो, "दोनदा."

चौथ्या दिवशी तुम्ही घर सोडलं. किल्ली शेजाऱ्यांबरोबर दुकानात आली. बाबा गेले तेव्हा मी ताप असल्याचं कळवलं. ताप नव्हता. यायला तोंड नव्हतं.

आता जे मामीलाही काल रात्रीपर्यंत ठाऊक नव्हतं ते लिहितो. ती बेल चार महिने बंद होती. आईने मला तीनदा सांगितलं होतं, बेल वाजत नाही म्हणून कुणी आलेलं बाबांना कळत नाही, एकदम दार उघडलं की ते दचकतात. मी दर वेळी "बघतो" म्हणालो. ठकू, माझ्या दुकानात गल्ल्यामागे बेलचे खोके हातभर उंच रचलेले होते. दहा मिनिटांचं काम. पण म्हटलं, ही मंडळी निघालीच आहेत, नव्या भाडेकरूच्या वेळी बसवू. बहिणीला वाट बघायला लावली, आणि ती निघून जाणार म्हणून माझा खर्च वाचला. इतका मी कद्रू.

आणि त्या दुपारी बटण दाबताना मला माहीत होतं, ती वाजत नाही. बरोबरच्या माणसांसमोर दाबायची म्हणून दाबली. दार हातानेही ठोकता आलं असतं. बेल बंद आहे हे माहीत असूनच आईने 'वाजवलीस का' असं विचारलं होतं. तिला उत्तर माहीत होतं, मी काय बोलतो ते तिला बघायचं होतं. मला स्वतःचीच शिसारी येते.

म्हणून बुधवारी जाऊ नकोस. आजोबांच्या दाराखालून चिठ्ठी टाक, दिवस आणि वेळ त्यांना ठरवू दे. मग जा, जोरात ठोक, आणि उघडेपर्यंत थांब. त्या घरात काय बिघडतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही, त्यांनाच विचार. त्यांना राहायचं असेल तर राहू दे. नऊ वर्षं टिकलेला माणूस हाकलून नवा शोधणं हा धंद्याच्या दृष्टीनेही वेडेपणा आहे. ते पाय काढायला तयार नाहीत म्हणून विकणारा किंमत उतरवतोय, तर उतरवू दे. तुझाच फायदा.

ऐकू कमी येणाऱ्यांसाठी एक बेल मिळते, बटण दाबलं की आत दिवा लागतो. एक मी आणून ठेवलीय. घर घेतलंस तर मी येऊन बसवून देईन, स्टूल मात्र तू धर.

पुढच्या रविवारी अकराला मी तुमच्याकडे येतोय. तुमच्याकडे बेल आहे की नाही, असली तर चालते की नाही, मला माहीत नाही. मी हातानेच वाजवेन. दार उघडलं नाही तर थोडा वेळ जिन्यात बसेन, गुडघ्याला तेवढीच विश्रांती, आणि परत जाईन. वाईट वाटून घेऊ नकोस, आईवर जबरदस्ती तर मुळीच करू नकोस.

हे पत्र तिला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. नाही दाखवलंस तर एवढं मात्र सांग. त्या दिवशी तिने मला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर 'नाही' असं आहे.

तुमच्या दाराबाहेर थांबणारा,
मामा