विरजणापुरतं जुनं पाणी

बाबा, तुमच्या त्या चहाच्या बुरशीबद्दल लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन जमाना झाला, आता उलट बोलले म्हणून डोळे कोण वटारणार? मुंबईच्या गोदीतल्या तुमच्या मित्राने ती डब्यातून दिली होती, तिच्या आंबट पाण्यासकट. भिजलेल्या घावनासारखी बुळबुळीत चकती. कोरा गोड चहा उकळून, पार निववून बरणीत ओतायचा, वर चकती सोडायची, तोंडाला मलमलीचं फडकं बांधायचं आणि आठवडाभर हात लावायचा नाही. चहा आंबतो, वर नवी पातळ साय धरते. झालं! एवढ्या भांडवलावर तुम्ही पनवेलचे धन्वंतरी झालात. संध्याकाळी ओटीवर येईल त्याला पेलाभर पाजायचं आणि पोटापासून सांध्यांपर्यंत व्याख्यान झोडायचं. रेशनची साखर बुरशीला, आम्हाला गुळाचा चहा. विचुंब्याहून दूध घालायला येणारी बाई तेवढी शहाणी. "आमी नाय पिनार, त्यात बेडकी तरंगते," म्हणाली. आई तोंडाला पदर लावून हसली, ते हसणं मला अजून दिसतं.

पहिली बरणी संपली आणि तुम्ही अक्कल पाजळायला लागलात. तुम्ही बरणी राखेनं घासलीत, चकती विहिरीच्या पाण्यानं खळखळून धुतलीत आणि तळाचं आंबट पाणी मोरीत ओतायला निघालात. आई चुलीपाशी दुधाला विरजण लावत होती. "अहो, थोडं राहू द्या ना त्यातलं. दह्याला नाही का कालचं दही लागत?" तुम्ही म्हणालात, "शिळं ते शिळं. तू तुझी चूल बघ." आणि ओतलंत. रोज दुपारी तेच दही वाटीभर भुरकणारा माणूस! नव्या गोड चहाला आंबट करायला आत काहीच उरलं नाही, मग चकतीवर हिरवी लव धरली. त्या संध्याकाळी तुम्ही काय करता? ओटीवर चारचौघे बसलेले असताना आईला बाहेर बोलावता. "बाजूला बसायच्या दिवसांत बरणीला शिवलीस ना?" आई मान खाली घालून म्हणते, "नाही हो." "मग काय आपोआप नासली?" नाचता येईना, अंगण वाकडं! आणि ते फुकटात पिऊन गेलेले चौघे माना डोलावतात.

आईच्या हाताला गुण आहे म्हणून अख्खी आळी तिला लोणचं घालायला बोलवायची. त्या उन्हाळ्यात कोणी बोलावलं नाही. पुढंही नाही. घरचं लोणचं घालतानासुद्धा ती मीठ मला टाकायला लावायची. शेवटी शेवटी तर म्हणायची, "शिवलेही असेन गं चुकून." तुम्ही मात्र दुसऱ्या वर्षी गोमूत्राच्या नादाला लागलात, बरणी विसरूनही गेलात. कसला कोता माणूस हो तुम्ही!

गेल्या महिन्यात नातीनं तशीच चकती आणली. हल्ली ते पाणी बाटलीत भरून विकतात म्हणे. मी पहिल्या खेपेचं पाणी विरजणापुरतं राखून ठेवलं, आईनं सांगितलं होतं तसं, आणि दुसरी खेप लावली. आज फडकं सोडलं तर वर पांढरीशुभ्र, जाड साय. आंबट वास. एक डाग नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकाच काढल्या असत्या. पण एक सांगते. ती बरणी घेऊन आधी आईच्या फोटोपाशी जायला हवं होतं. फडकं सोडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "बाबा, बघा."