बहात्तर तासांची पिशवी

४ फेब्रुवारी
संकेतस्थळ बनवणाऱ्यांविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. दोन विमानतळांमधलं अंतर विचारलं, तर म्हणे १२,४१७.३६ किलोमीटर! ते .३६ कुठून मोजलं? धावपट्टीच्या या टोकापासून की त्या? वेळ चौदा तास छप्पन्न मिनिटं. आणि खाली बारीक अक्षरांत — थेट विमान नाही! म्हणजे हा हिशोब फक्त गरुडासाठी. आम्हा मर्त्यांना मध्ये विमान बदलून सव्वीस तास.

धाकट्या बहिणीला काचेपलीकडून, फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. तिच्या खोलीत कुणालाच सोडत नाहीत. आजार संपवायला दिलेल्या औषधांनी तिच्या हाडांतली सगळी अस्थिमज्जा मारून टाकलीय. अंगात नवं रक्त तयार होत नाही. तिकडच्या कुणा अनोळखी माणसाच्या पेशी पिशवीत भरून एक बाई घेऊन येणार. पेशी टिकतात बहात्तर तास.

"बहात्तरातून सव्वीस गेले, उरले शेहेचाळीस. ऐसपैस!" मी म्हणालो.

"दादा, घड्याळ पिशवी भरली की सुरू होतं. विमान उडाल्यावर नाही."

मग तिनेच हिशोब मांडला: पिशवी आज सकाळी दहाला भरली. विमान उद्या पहाटे सहाला. उतरल्यावर तपासणी, रस्ता — चार तास. उरले बावीस. गणिताची मास्तरीण! डोक्यावर केस नाही, पण छडी अजून हातातच.

५ फेब्रुवारी
विमान उडालं. पडद्यावरचं ते इवलंसं चित्र बघत बसलोय. जागचं हलत नाही.

संध्याकाळी — मधल्या विमानतळावर बर्फ. सगळी उड्डाणं बंद! पिशवीवाल्या बाईंचा निरोप: "खोका मांडीवर आहे. डोळा लागू देणार नाही." कोण कुठल्या या बाई!

६ फेब्रुवारी
अजून बंद. दुपारी चारपर्यंत उडालं तरच पिशवी वेळेत पोचेल.

डॉक्टरबाईंनी बोलावलं. "नाही उडालं, तर उद्या सकाळी तुमच्या पेशी काढू. अर्ध्याच जुळतात, कल्पना आहे. पण आता थांबता येणार नाही."

धाकटीला सांगितलं. "अगंबाई, दादाचं रक्त! म्हणजे आता मीही तुझ्यासारखी वर्गात सुभाषितं फेकणार?"

"एवढं पुण्य कुठलं तुझ्या गाठीला!"

हसली. मग खोकला आला. फोन ठेवला तिने.

साडेतीन. बंद.

चार वाजून दहा मिनिटं. बंदच.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ
उद्या सातला मला आत नेतील. कमरेच्या हाडातून काढतील आणि लिफ्टने दोन मजले वर, तिच्याकडे. सुईची भीती नाही. पेशी दुरून येणार होत्या तेव्हा मनातून बरं वाटत होतं, हे कबूल करतो. काही वाईट झालंच, तर ते त्या अनोळखी माणसाचं. आता ती गेली, तर माझ्या रक्ताने जाईल.