चार वाद्यांची वाटणी मी मोडते

मृत्युपत्र लिहून ठेवणार दैवशाला भुजंग फदाट, वय एकाहत्तर, निवृत्त संगीतशिक्षिका, व्हायोलिन बनवणारी, राहणार टेंभुर्णी, तालुका जाफ्राबाद, जिल्हा जालना. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण आमच्या घरात बाईने आवाज चढवला की तिचे डोके फिरले असे धरतात. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. रागात लिहीत आहे, आणि त्याला कायद्याची मनाई नाही.

१. राहते घर व माझ्या नावचे शेत थोरला राधेश्याम, धाकटा सुमित व मुलगी प्रीती यांना सारखे मिळावे, पण कलम ४ पाळल्यावरच. बांधावरून भांडायचे तर खुशाल भांडा.

२. माझे रंधे, पटाशा, लाकूड वाकवायची नळी व सरसाचे भांडे मंठ्याच्या रामप्रसाद सुताराला द्यावे. "बाई, हे तुम्हाला जमेल का?" असे त्याने एकदाही विचारले नाही. बाकी सगळ्यांनी विचारले, माझ्या नवऱ्यानेसुद्धा.

३. दीर कारभारी यांना काहीही देऊ नये. मी पडून जालन्याच्या दवाखान्यात होते, तेव्हा यांनी माझ्या वाद्यांची वाटणी केली. चिठ्ठ्या टाकल्या, पोराच्या हातून उचलल्या, नारळ फोडला. मी घरी आले तर म्हणतात, "चार वस्तू, चार वाटे. तुमचा बी वाटा ठेवला, वहिनी. बराबर हाये ना? मंग कशाला तापून राह्यल्या?"

कारभारी, ती चार भांडी नव्हती. दोन व्हायोलिन, त्यांच्याहून जरा मोठी नि खोल आवाजाची एक व्हायोला आणि एक चेलो, चारही वाद्यांच्या वरच्या फळ्या मी एकाच ओंडक्यातून काढलेल्या. त्यांवर आम्ही चौघांनी मिळून वाजवायची रचना मी लिहिली. पहिले व्हायोलिन राधेश्यामचे, दुसरे सुमितचे, व्हायोला प्रीतीची, आणि खाली खर्ज धरायला चेलोवर मी. तिघे लहानपणी माझ्याकडेच शिकलेले. कोणाचा हात कुठे अडतो ते मला ठाऊक, त्याप्रमाणे एकेकाच्या ओळी बेतल्या. दिवाळीला बसायचे ठरले होते. त्याआधी मी पडले आणि तुम्ही चिठ्ठ्या टाकल्या.

राधेश्यामला व्हायोला आली. जुनाट दिसते म्हणून त्याने फर्निचरवाल्याकडून तिला मेलामाइनचे पॉलिश मारून घेतले. आता ती आरशासारखी चमकते आणि पाटासारखी वाजते. सुमितने पुण्याच्या फ्लॅटमध्ये व्हायोलिन भिंतीला टांगले, मागे दिवे लावले, त्यासाठी तारा उतरवल्या. आतली आधाराची काडी पडली आणि ते मुके झाले. प्रीतीने तिच्या वाट्याच्या व्हायोलिनची पेटी उघडलेलीच नाही. लाज वाटते मला तुम्हा तिघांची. चेलो तेवढा माझ्या वाट्याला आला.

४. ती वाटणी मी मोडते. चारही वाद्ये एकत्र राहतील, विकायची नाहीत. रामप्रसादकडून व्हायोलाचे पॉलिश खरवडून घ्यावे, सुमितच्या व्हायोलिनमधली काडी उभी करावी. मग माझी खुर्ची मोकळी ठेवून तिघांनी याच घरात पूर्ण रचना वाजवावी. बेसूर झाली तरी चालेल, अर्धी चालणार नाही. तोवर सातबाऱ्याला कोणी हात लावू नये.

५. मी जिवंत असताना वाद्ये घेऊन आलात, तर हा कागद तुमच्यासमोर फाडीन. मग शेताच्या चिठ्ठ्या टाका नाहीतर वाट्टेल ते करा. चेलो जुळवलेला आहे. माझा भाग पाठ आहे. मधल्या मोकळ्या जागा तुमच्या आहेत.

सही: दैवशाला भुजंग फदाट

साक्षीदार १: गिरिजाबाई, निवृत्त परिचारिका, टेंभुर्णी. माझ्यासमोर सही केली. बाई पूर्ण शुद्धीवर होत्या.

साक्षीदार २: साळूबाई, शेजारीण, डाव्या हाताचा अंगठा. यांनी सांगितले तसे लिहिले: "सांजच्याला बाई वाजवता वाजवता मधीच थांबतात. मला वाटायचं, इसरल्या. आज हे वाचून दावलं तवा कळलं, पोरांची वाट पाहून राह्यल्या."

ठिकाण: टेंभुर्णी
दिनांक: १७ जानेवारी २०२५