बोटभर काठी

ता. ३ नोव्हें. १९५८, सोमवार
दत्तूला आजपासून शेटची गाडी. ह्यांच्या हातची होती तीच आता धाकट्या भावाला. तीन वर्षं पत्र्याखाली पडून होती, आता ठोकून सरळ केली, हिरवा रंग दिला. दत्तूच्या बायकोनं, यमुनानं, बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी ओसरीवरून पाहिलं. पांढऱ्या कपाळानं पुढं जायचं नव्हतं आणि मला जायचंही नव्हतं.
सकाळी खिंड चढून साळावच्या तरीवर, होडीच्या धक्क्याला, संध्याकाळी माणसं आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परत. संध्याकाळी कान लावून बसले. खिंडीपलीकडून चढणीचा आवाज आला, वाढला, माथ्यावर पोचला. आणि बंद. मग रस्त्याच्या मोरीपाशी, आमच्या घरापासून पन्नास पावलांवर, एक हिसका आणि इंजिन पुन्हा सुरू.
हेही असंच करायचे. उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं. त्या चैत्रात दुसऱ्या वळणावर ब्रेक गेला, इंजिन बंद होतं, गिअर पडेना. माथ्यावर थांबलेला आवाज मोरीपाशी आलाच नाही. मी चुलीपाशी वाट बघत होते.
आज: बंद.

ता. ४
बंद.

ता. ५
बंद. सुपारी सोलून बोटं काळी झालीत, वहीला डाग पडतात. पडू देत.

ता. ८, शनिवार
दत्तू आला, म्हणाला, वयनी, दादाची काठी दे, शेट मागताय. दाराआडची काठी. ह्यांच्या कपड्यांबरोबर घरी आली होती, तेव्हापासून तिथंच उभी.
गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं माप त्याच काठीला ठाऊक. ह्यांनी आणि शेटनी मिळून एकेक डबा ओतत तिच्यावर खाचा पाडल्या होत्या. तेव्हाच ठरलं होतं, डबे शेटच्या घरी, काठी ड्रायव्हरच्या घरी. म्हणजे एकट्यानं कुणाला लबाडी करता येऊ नये. डबे रोजचे ठरलेले. शनिवारी संध्याकाळी काठी बुडवायची. दुसऱ्या खाचेच्या वर जेवढं ओलं दिसेल तेवढं ड्रायव्हरचं. ते नळीनं ओढून बाटलीत घ्यायचं. खाचेखालचं कुणाचंच नाही, गाडीचं.
दिली काठी. टोकाला अजून वास आहे. की मलाच येतो.
दत्तू अर्धी बाटली घेऊन आला. यमुना हसली.
बंद.

ता. ९, रविवार
आज गाडी नाही. दत्तूशी बोलले. म्हटलं, उतारावर इंजिन चालू ठेवत जा. तुझ्या भावाचं माहीत आहे ना.
तो म्हणाला, ब्रेक नवीन हायत. म्हटलं, त्यांचेही नवीनच होते.
मग विडी पेटवली. मला वाटलं, उठून जाणार. तर म्हणाला, "गाडीत माझं काय हाय, वयनी? टायर शेटचा, सीट शेटची, पाशिंजर शेटचा. मी सुद्धा शेटचाच. वाचवलेलं पेट्रोल तेवढं माझं."
लोक म्हणतात ड्रायव्हर लोभी असतात. लोभी माणसाच्या तोंडावर असं दिसत नाही.

ता. १५
आठवडा सगळा बंद. दिवाळी झाली. फराळ यमुनानं केला.

ता. १८, मंगळवार
ट्रंक आवरताना डॉक्टरांचं पुस्तक सापडलं. अपघाताच्या दिवशी गाडीत होतं. पानं फुगलीत. मी ते उघडलंच नव्हतं. परत करायला गेले.
अक्षरं मी लग्नानंतर शिकले, नारळाच्या पोत्यांवरची नावं लावत लावत. पुढं हे पुस्तकं आणायला लागले. म्हणायचे, डॉक्टरांनी दिलंय, वाच. मी मोठ्यानं वाचायचे, तिसऱ्या पानाला हे झोपलेले. एकेचाळीस पुस्तकं झाली. मला वाटायचं डॉक्टर मोठ्या मनाचे.
आज त्यांना तसं म्हटलं, तर ते अवघडले. म्हणाले, "फुकट कुठली हो बाई. बाटलीला एक पुस्तक, असं आमचं ठरलं होतं. माझी फटफटी त्याच्यावरच चालायची. तुम्हांला सांगू नका म्हणाले होते."
पुस्तक त्यांनी परत घेतलं नाही.
घरी येऊन दत्तूला सहज विचारलं, एक बाटली भरायला किती दिवस लागतात. म्हणाला, बारा उतार. दिवस नाही म्हणाला, उतार म्हणाला.
बंद.

ता. १९
एका पुस्तकाला बारा उतार. माझ्या प्रत्येक पुस्तकासाठी ते बारा वेळा त्या वळणांवरून तसे आले. आणि मी गोष्ट लवकर संपली म्हणून कुरकुरायचे. दुसरं कधी आणताय म्हणायचे.
बंद.

ता. २१, शुक्रवार
शेटकडे गेले. ओटीवर हिशेबनीस सुद्धा नव्हता, एकटेच होते. सगळं ऐकून घेतलं, पाणी विचारलं. मग म्हणाले, "मी कधी कुणाला इंजिन बंद कर म्हटलंय का, बाई? मी फक्त काठी बघतो."
खरं आहे. त्यांनी कधीच म्हटलं नाही. ह्यांनाही नाही.
बंद.

ता. २३, रविवार
दत्तूशी पैज लावली. म्हटलं, एक आठवडा इंजिन चालू ठेवून उतर. शनिवारी काठीवरचं ओलं दुसऱ्या खाचेच्या खाली गेलं तर पुन्हा बोलणार नाही. खाचेच्या वर राहिलं तर पुढंही चालूच ठेवायची.
यमुना मधेच म्हणाली, वयनींची एवढी हौस पुरवा एकदा. दत्तू हसला. "हरशील वयनी," म्हणाला. पण हो म्हणाला. हे असेच करायचे, समोरचा हरणार माहीत असलं की मोठ्या मनानं हो म्हणायचे.

ता. २४, सोमवार
चालू.
माथ्यापासून मोरीपर्यंत आवाज आला. मधे कुठंही तुटला नाही. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. पहिल्यांदाच.

ता. २८
चालू. पाचही दिवस.
उद्या शनिवार. पेट्रोल जास्त जळतंय म्हणतो. आता तोंड वाकडं करून बसतो. हरणार मी.

ता. २९, शनिवार
दुपारी घरी कुणी नव्हतं. काठी दाराआड होती. उंबऱ्यावर ठेवून कोयत्यानं खालचं टोक बोटभर उडवलं. कड घासली, राख चोळली. कापलेला तुकडा चुलीत टाकणार होते. टाकवला नाही. त्यांच्या हातची काठी. डॉक्टरांच्या पुस्तकात घालून ट्रंकेत ठेवला.
काठी आखूड झाली की टाकीत तिच्या खाचा तेवढ्याच खाली जातात, ओलं खाचेच्या वर दिसतं.
संध्याकाळी शेटनी स्वतः बघितली. दुसऱ्या खाचेच्या वर बोटभर ओली. दत्तू आला तो काठी खांद्यावर टाकून. "वयनी, तू जिंकलीस. इंजिनाला सवय झाली बग."
अर्धी बाटली मिळाली त्याला. चालू.

ता. ६ डिसें., शनिवार
चालू, सहाही दिवस. आज पुन्हा बोटभर. दुसरा तुकडा.
एकदा कापून भागत नाही, हे मला आधी कळलं नव्हतं. काठी पुन्हा कापली नाही तर या आठवड्यात जळलेलं दिसेल.
यमुना म्हणाली, वयनींच्या पायगुणानं गाडी सुधारली. मला हसू आलं, लगेच गेलं.

ता. ९
चालू. झोप बरी लागते. सुपारीवाल्या बायकांत मी बोलत होते म्हणे आज. एकीनं विचारलं, काय ग, अंगारा लागू पडला का काय.

ता. १३, शनिवार
तिसरा. खालची खाच आता टोकाच्या फार जवळ आली. दत्तू वरूनच बघतो, टोक बघत नाही. शेटही नाही. पुढच्या शनिवारचं काय करायचं, ठाऊक नाही. एक आठवडा तरी चालू.

ता. १८, गुरुवार
सकाळी गाडी चढणीला लागली. माणसं, मासळीच्या टोपल्या, भरगच्च. पहिलं वळण चढलं. आणि आवाज बंद. चढणीवर. मला वाटलं माझ्या कानांना काही झालं. मग ओरडणं.
पेट्रोल संपलं. गाडी मागे यायला लागली. दत्तूनं डोंगराच्या अंगाला घातली म्हणून दरीत गेली नाही. मागच्या फळीवर जनामावशी बसली होती, कोळीवाड्यातली, साठीची. गाडी आणि दरड यांच्यामध्ये तिचा पाय सापडला. डॉक्टर म्हणाले, हाड दोन ठिकाणी मोडलंय, टोपली घेऊन ती आता चालायची नाही.
मेलं कुणी नाही. हे तीन वेळा लिहून खोडलं.

ता. १९
शेट म्हणताहेत, शनिवारी काठीवर पेट्रोल होतं, रोजचे डबे ओतले, मग टाकी कोरडी कशी. दत्तूनं रात्री ओढून विकलं. चार माणसांसमोर चोर म्हणाले. दत्तूनं शपथ घेतली. कुणी मान वर केली नाही.
गाडी काढून घेतली. पोलिसपाटलाला बोलवायचं म्हणताहेत.
दत्तू जेवला नाही. यमुना माझ्याकडे बघत होती, की मी काही बोलावं. त्याच्या बाजूनं.

ता. २०, शनिवार
दिवसभर एकच विचार. मी गप्प बसले तर दत्तू पुन्हा कधी गाडीवर बसणार नाही. वाडीत नारळ सोलेल, माशांच्या टोपल्या वाहील. जगेल. चोर म्हणून.
बोलले तर चोर राहणार नाही, आणि त्याला गाडी परत मिळेल. आणि खिंड तिथंच आहे.
दुसऱ्या खाचेखालचं गाडीचं होतं. मी ते दत्तूच्या नळीनं काढून घेतलं. तीन बोटं.
जनामावशीकडे जाऊन आले. पाणी भरून दिलं. ती दत्तूलाच आशीर्वाद देत होती, की पोरानं दरीत जाऊ दिली नाही.

ता. २१, रविवार
दत्तूला सांगितलं. आधी त्यालाच. पुस्तकातून तुकडे काढून पुढं ठेवले.
तो काठी घेऊन आला. खाली बसून एकेक तुकडा टोकाला लावून बघितला. तिसरा, दुसरा, पहिला. बरोबर बसले. यमुना दारात होती.
मग म्हणाला, "तीन आठवडे मी चालू ठेवली ती तुझ्या शब्दावर." आणि, "मावशीचा पाय तू मोडलास, वयनी."
होय म्हटलं.
रागानं बोलला नाही. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं.

ता. २२, सोमवार
शेटकडे गेले, तुकडे घेऊन. दत्तू आला नाही. शेटना आधी खरं वाटेना, बाईमाणसाला टाकीतलं काय कळतं म्हणाले. मी कशी कापली, किती कापली, ओलं वर कसं दिसतं, सगळं सांगितलं. तेव्हा त्यांना पटलं. मग विचारलं, का. मी म्हटलं, तुम्ही काठी बघता म्हणून.
मी खाली मान घातली नाही, एवढं आठवतंय.
दुपारी शेटनी ओटीवर त्याच चार माणसांना बोलावून सांगितलं, दत्तूकडे चोरी नाही. माझंही सांगितलं. गावात आता सगळ्यांना माहीत आहे. सुपारीच्या कामावर उद्यापासून येऊ नको, असा निरोप आला.

ता. २६
जनामावशीला मी स्वतः सांगितलं. तिनं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. आज पाणी भरायला गेले तर हंडा आत घेतलेला होता. बाहेरच्या पिंपात ओतून आले. उद्याही जाणार.

ता. २७, शनिवार
सोमवारपासून दत्तू गाडीवर. शेटनी नवी काठी केली, सागाची, टोकाला लोखंडी टोपी. ती शेटच्याच घरी राहणार. डबेही त्यांच्या घरी, काठीही त्यांच्याच घरी. म्हणजे काय उरलं ते दत्तूनं न बघता मान्य करायचं. आधी स्वतःच्या काठीवर तरी बघता येत होतं. आता त्याला पेट्रोल आणखी वाचवून चालवावं लागणार, हे मला न सांगता कळतं.
जुनी काठी दाराआड परत आली. आखूड.

ता. २८, रविवार
दत्तू बोलला. इतक्या दिवसांनी. "रोज काय लिवतेस यात?"
वही दिली. त्याला अक्षरं लागतात, जोडून वाचायला वेळ लागतो. बोट खाली खाली नेत गेला. बंद. बंद. बंद. मग चालू, चालू. त्याला कळलं.
म्हणाला, दादाचं लिवलंस?
म्हटलं, तेव्हा वही नव्हती. तेव्हा मी पुस्तकं वाचत होते.
वही मिटून माझ्याकडे सरकवली. इंजिन चालू ठेवीन असं कबूल केलं नाही, नाकारलंही नाही. मी मागितलंही नाही. पैज लावायचं तोंड मला आता नाही.

ता. २९, सोमवार
सकाळी गाडी चढून गेली. पूर्ण चढली.
जनामावशीचा हंडा आज बाहेर होता. भरून आले.
संध्याकाळी यमुना भाताचं पाणी काढत होती, मी विळीवर बसले होते. पलीकडून आवाज आला. वाढत माथ्यावर पोचला. तेव्हा यमुनाचा हात थांबला. झाकण तसंच धरलेलं, वाफ तोंडावर येत होती, तरी ती हलली नाही. इतके दिवस ती बोलत असायची, हसत असायची, तिला काही ऐकू यायचं नाही.
तेवढ्या वेळात मी तिच्याकडे बघत होते.
बंद की चालू, ते आज लिहीत नाही. एका दिवसाचं लिहून काय कळणार. उतार रोजचा आहे, आणि उद्यापासून आम्ही दोघी ऐकणार.